कोरडवाहू शेतीसाठी गटाचे कर्ज : हप्ता कशावर ठरवावा?

धाराशिव जिल्ह्यातील एका ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, सचिव ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या बचत गटांमधील बहुतेक सभासदांची एक ते तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. गटांना बँकेचे कर्ज मिळते आणि ते वेळेवर फिटतेही, पण त्या कर्जाने शेतीत काही फरक पडलेला दिसत नाही. शिवाय आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता घेणाऱ्या खासगी फायनान्सची कर्जे अनेकींनी घेतली आहेत, आणि एकाचा हप्ता दुसऱ्यातून भरण्याची वेळ काहींवर आली आहे. अशा स्थितीत गटाने शेतीसाठी कर्ज द्यावे का, द्यायचे तर हप्ता कसा ठरवावा आणि अडकलेल्या बायकांसाठी काय करता येईल, असे त्या विचारतात.

ताई, कर्ज वेळेवर फिटते आणि शेतीत फरक पडत नाही, या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे कारण एकच आहे. कर्ज वेळेवर फिटते ते शेतीतून नव्हे, तर मजुरीतून. तुमच्या भागात सोयाबीनचा पेरा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा जुलैच्या सुरुवातीला होतो, काढणी ऑक्टोबरात होते आणि पैसा दिवाळीच्या आगेमागे हाती येतो. तुरीचा पैसा जानेवारीत आणि हरभऱ्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. मे महिन्यात उचललेल्या कर्जाचा पहिला हप्ता मात्र जूनमध्येच द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर हे चार हप्ते खुरपणीच्या रोजगारातून, घरातल्या कोणी पुण्याहून पाठवलेल्या पैशातून, नाहीतर मुकादमाकडून घेतलेल्या ऊसतोडीच्या उचलीतून भरले जातात. ही उचल घेतली की दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणे भाग पडते, रब्बीचा पेरा अर्धवट राहतो आणि तुरीची राखण करायला घरी कोणी उरत नाही. म्हणजे शेतीसाठी घेतलेले कर्जच माणसाला शेतीतून बाहेर काढते, आणि गटाच्या वहीत मात्र वसुली शंभर टक्के दिसते.

म्हणून मी कर्जाच्या रकमेकडे नंतर येतो. हप्ता कोणत्या पैशातून भरला जाणार आणि तो पैसा घरात कोणत्या महिन्यात येतो, हे आधी ठरले पाहिजे. ज्या गटात कर्ज मंजूर करण्यापूर्वी ही दोन उत्तरे इतिवृत्तात लिहिली जातात, तिथे शेतीच्या कर्जाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

समान हप्त्यांची ही पद्धत आली कुठून, तेही पाहिले पाहिजे. महम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशात चितगावजवळच्या जोबरा गावी छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू केला आणि १९८३ मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली. तिच्या कर्जदार बायका बांबूकाम, धान भरडणे, दूध, छोटी विक्री अशी कामे करत. त्यांच्या हातात रोज किंवा आठवड्याला थोडा पैसा येई, आणि त्यामुळे आठवड्याचा हप्ता त्यांना पेलत असे. आपल्याकडचा बचत गट वेगळ्या मुळातून आला. कर्नाटकातील मायराडा या स्वयंसेवी संस्थेचे गट आणि त्यानंतर १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० गटांपासून सुरू केलेली बँक जोडणी हा त्याचा पाया. आधी आपली बचत, मग त्या बचतीतून सभासदांना अंतर्गत कर्ज आणि नंतर बँक, असा त्याचा क्रम आहे. या पद्धतीत हप्ता ठरवण्याचा अधिकार गटाकडेच होता आणि आजही आहे. खासगी कंपन्यांनी बांगलादेशी नमुन्यातला आठवड्याचा हप्ता उचलला आणि तो कोरडवाहू सोयाबीनवाल्याच्या दारात आणून ठेवला. आपल्या गटांनीही सोयीसाठी बँकेचा मासिक हप्ता बारा किंवा चौदा जणींत सारखा वाटून टाकला, आणि हातातला अधिकार वापरला नाही.

हा अधिकार वापरायचा कसा, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, बारा सभासदांच्या गटाला ३ लाख रुपयांचे कर्ज ७ टक्के दराने ३ वर्षांसाठी मिळाले. बँकेचा मासिक हप्ता सुमारे ९,२६० रुपये येईल. नेहमीची पद्धत अशी की प्रत्येकीला २५,००० रुपये द्यायचे आणि प्रत्येकीकडून सारखा हप्ता घ्यायचा. याऐवजी आधी सभासदांची विभागणी करावी. ज्यांच्या घरी दूध, शिलाई, किराणा, अंगणवाडीचे मानधन असा दरमहा येणारा पैसा आहे अशा आठ जणींना सरासरी २२,००० प्रमाणे १ लाख ७६ हजार रुपये द्यावेत आणि गटाचा दर महिना १ टक्का धरून प्रत्येकीकडून दरमहा १,२०० रुपये घ्यावेत. उरलेले १ लाख २४ हजार रुपये चार शेतकरी बायकांना ३१,००० प्रमाणे द्यावेत. त्यांच्याकडून दरमहा फक्त ३१० रुपये व्याज घ्यावे, आणि मुद्दल नोव्हेंबर व फेब्रुवारी अशा दोन तुकड्यांत घ्यावे. म्हणजे दरमहा आठ जणींचे ९,६०० आणि चौघींचे १,२४० असे १०,८४० रुपये जमतात. बँकेचा हप्ता वेळेवर जातो, वर दीड हजाराच्या आसपास शिल्लक राहते आणि शेतकरी बाईवर पावसाळ्यात एका दिवसाच्या मजुरीइतकाच भार येतो. फेब्रुवारीत परत आलेले मुद्दल पुढच्या मे महिन्यात पुन्हा फिरवता येते. आठ जणींची कर्जे वीस-एकवीस महिन्यांत फिटतील. त्यानंतर बँकेचा हप्ता चालू राहण्यासाठी परत आलेल्या पैशातून दरमहा फेड होईल अशी नवी कर्जे द्यावी लागतील, हे मात्र वहीत आधीच लिहून ठेवावे.

यात माझा एक नियम आहे, आणि तो मोडू नये असे मी आग्रहाने सांगतो. गटाच्या एकूण कर्जातील निम्म्याहून अधिक रक्कम एकाच हंगामाच्या पिकावर लावू नये. ज्या गटात सगळ्याच जणी निव्वळ कोरडवाहू शेतीवर आहेत, तिथे ही विभागणी जमणार नाही. अशा गटाने बँकेकडे मुदत कर्जाऐवजी रोख पत मर्यादा, म्हणजे आपण ज्याला सीसी म्हणतो ती, मागावी. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली, म्हणजे आपल्या ‘उमेद’मध्ये, पात्र गटांना ती मिळू शकते. तिच्यात ठरलेल्या मर्यादेच्या आत पैसा उचलता आणि भरता येतो. मर्यादा ओलांडली नाही आणि महिन्यातून एकदा तरी किमान व्याज भागेल इतका भरणा झाला, तर खाते नियमित राहते. शेतीला हीच सोय हवी असते. अनेक शाखांमध्ये मुदत कर्जाचाच अर्ज पुढे केला जातो, कारण तो हाताळायला सोपा असतो. गटाने ठराव करून लेखी मागणी केली की बोलणे बदलते. १० लाखांपर्यंतच्या गट कर्जाला तारण मागायचे नसते आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवायचा नसतो, हेही त्याच ठरावासोबत व्यवस्थापकांना सांगावे. गटाची बचत बँकेत अडकून पडली की अंतर्गत कर्ज बंद होते, आणि तिथून पुढे गटाचे काम हप्ता गोळा करण्यापुरते उरते.

आता शेतीत कर्ज कशाला द्यावे. माझ्या मते पिकाच्या खर्चासाठी गटाचे कर्ज ही शेवटची पायरी असावी, कारण पीक कर्ज गटापेक्षा स्वस्त मिळते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज पडत नाही, आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्या घराला हे कर्ज मिळू शकते, त्या घराने १ टक्का महिना दराने गटाकडून पीक कर्ज का घ्यावे? गटाने अशा सभासदाला कर्ज देण्याऐवजी तिच्याबरोबर सोसायटीत किंवा बँकेत जावे.

अडचण येते ती सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची. राबणारी बाई आणि मालक म्हणून नोंदलेला पुरुष वेगळे असतात. विधवा सुनेचे नाव वारस म्हणून लागायला वर्षे जातात. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणाऱ्याकडे कागदच नसतो. वर ज्या चौघींचे उदाहरण दिले, त्या अशा असाव्यात. बटईदारांसाठी नाबार्डच्या आराखड्यात चार ते दहा जणांचा संयुक्त दायित्व गट, म्हणजे एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेणारा गट, करून बँकेचे कर्ज घेण्याची सोय आहे, तीही तपासून पाहावी. आणि घरच्या पुरुषाची तयारी असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावून घ्यावे. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम हाती घेतली आणि १९९२ मध्ये शासनाने त्यासाठी निर्णय काढला, तरी आजही गावात याची माहिती असलेले मोजकेच सापडतात. ग्रामसंघाने वर्षाला पाच नावे लावून घेतली, तरी ते काम कर्जवाटपापेक्षा मोठे ठरेल.

पिकानंतर लोकांच्या मनात पहिली येते ती शेळी. शेळी चांगलीच आहे, आणि उस्मानाबादी जात तर तुमच्याच मातीतली आहे; पण तिचेही वेळापत्रक आहे. गाभणकाळ पाच महिन्यांचा. रिकामी शेळी आणली तर करडू विकण्याजोगे व्हायला दहा-अकरा महिने लागतात. गाभण आणली तर सहा-आठ महिने. तोपर्यंत शेळी एक रुपया देत नाही आणि चारा, औषध मागते. म्हणून शेळीच्या कर्जाला पहिले आठ महिने फक्त व्याज आणि नंतर बोकड विकल्यावर मुद्दल, असाच हप्ता हवा. जिथे मासिक हप्ता लावला जातो तिथे पाचव्या-सहाव्या महिन्यात शेळीच विकून हप्ता भरल्याचे दिसते. बकरी ईदला बोकडाला भाव मिळतो हे सगळ्यांना माहीत असते, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे कर्ज देताना कोणी मोजत नाही. २०२५ मध्ये ती जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. २०२९ मध्ये ती एप्रिलच्या अखेरीस येईल, म्हणजे तेव्हाचा बोकड उन्हाळ्याच्या ऐन तोंडी तयार हवा. पशुसखीने (जनावरांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या ताईने) पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांवरच्या लसींची नोंद दाखवल्याशिवाय दुसऱ्या शेळीचे कर्ज देऊ नये, असा ठराव काही गटांनी केला आहे आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

दुधाचे गणित सोपे, कारण संकलन केंद्राचे बिल दहा दिवसांनी येते. फक्त भाकड काळ विसरू नये. एकाच जनावरावर कर्ज असेल तर वर्षातून दोन-तीन महिने हप्ता पदरमोड करून भरावा लागतो. दोन जनावरे पाच-सहा महिन्यांच्या अंतराने विणारी असली, तर एक आटले तरी दुसरे चालू राहते.

एका गोष्टीकडे गट सहसा पाहत नाहीत, आणि मला ती कर्जाहून महत्त्वाची वाटते. पेरणीपूर्वी लागणारी रोकडच कमी करता येते. सोयाबीनमध्ये परागीभवन त्याच फुलात होते, त्यामुळे एकदा आणलेले सुधारित वाणाचे प्रमाणित बियाणे पुढे तीन वर्षांपर्यंत घरचे म्हणून वापरता येते. तरीही दरवर्षी जूनमध्ये कृषी सेवा केंद्रावर बॅगेसाठी रांग लागते आणि बॅग उधारीवर घेतली तर भाव वेगळा लागतो. गटाने एप्रिल-मे महिन्यात उगवण चाचणी घ्यावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे ठेवायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालून हलकी गुंडाळी करायची, सावलीत ठेवून ओल टिकवायची आणि सहा ते आठ दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरांत सत्तर किंवा अधिक उगवले, तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. सत्तरच्या खाली साठपर्यंत आले, तर प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवावे. साठच्या खाली गेले तर ते बियाणे गिरणीत किंवा बाजारात जाऊ द्यावे, शेतात नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार नाजूक असते, म्हणून बियाण्यासाठी ठेवलेली पोती आपटू नयेत आणि एकावर एक उंच रचू नयेत. हे काम कृषिसखी, म्हणजे शेतीचे प्रशिक्षण घेतलेली गावातली ताई, एका बैठकीत शिकवू शकते. दहा बायकांनी ते केले, तर दहा बॅगांचा पैसा कर्जात येतच नाही. तीच गोष्ट ग्रामसंघाच्या मालकीच्या फवारणी पंपाची आणि मळणी यंत्राची.

याच विचाराची मराठवाड्यातली मोठी बाजू म्हणजे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे काम. १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर ही संस्था या भागात उभी राहिली, आणि दुष्काळाच्या वर्षांत तिने बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा स्वतःच्या निर्णयाने करण्यासाठी मागून घ्यायला शिकवले. त्या तुकड्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी असे मिश्र पीक कमी पाण्यात आणि शेणखत-गांडूळखतावर घेतले जाते. हेतू आधी घरच्या ताटाचा आणि उरले तर विक्रीचा. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मला त्यातले महत्त्व पारितोषिकाहून वेगळे वाटते. घरचा किराणा कमी झाला की पावसाळ्यातला हप्ता भरायला मजुरीचा पैसा उरतो, आणि शेतात काय पेरायचे हे बाईला स्वतः ठरवता येते. कर्ज बाईच्या नावावर, सही तिची, हप्त्याची जबाबदारी तिची आणि माल विकून आलेला पैसा घरधन्याच्या खिशात, अशी स्थिती असेल तर तुम्ही केलेले कोणतेही वेळापत्रक टिकणार नाही. म्हणून कर्ज अर्जावर एक प्रश्न जरूर घालावा : माल विकल्याचा पैसा कोणाच्या खात्यात येणार?

विक्रीबाबत थोडेच सांगतो. ऑक्टोबरात सगळ्यांचा माल एकदम येतो, दाणा ओला असतो, आडतीवर ओलाव्याच्या नावाने कटती लागते आणि नोव्हेंबरचा हप्ता असेल तर शेतकऱ्याला थांबता येत नाही. हमीभावाने सरकारी खरेदीत सोयाबीनसाठी ओलावा साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंतच चालतो. २०२४ च्या हंगामात तक्रारी वाढल्यावर केंद्राने तो १५ टक्क्यांपर्यंत सैल केला होता. माल वाळवून ग्रामसंघाच्या ओलावा मापकावर तपासून एकत्र नेला, तर कटतीवर वाद घालता येतो. भाव पडलेला असेल तर कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के वार्षिक व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. सोयाबीन, तूर, हरभरा हे तिन्ही त्यात बसतात. चार-पाच पोत्यांसाठी कोणी तालुक्याला जात नाही, पण गटाचा माल एका ट्रॅक्टरमध्ये जाऊ शकतो. तुमच्या बाजार समितीत ही योजना प्रत्यक्ष चालू आहे का, हे मात्र सप्टेंबरातच विचारून घ्यावे.

सामूहिक जामिनाबद्दल एक गैरसमज आहे, तो दूर करायला हवा. गटाची हमी एकटीदुकटीच्या अडचणीत उपयोगी पडते. कोणाचे ऑपरेशन झाले, कोणाची म्हैस मेली, तर बाकीच्या सावरून घेतात. पाऊस गेला तर बाराही जणींचे पीक एकाच आठवड्यात जाते आणि कोणी कोणाचा जामीन राहू शकत नाही. म्हणून शेतीचे कर्ज देणाऱ्या गटाने हा धोका गावाबाहेरच्या कशावर तरी टाकला पाहिजे. त्याचा पहिला मार्ग पीक विमा. २०२३ पासून तो एक रुपयात मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा भरावा लागतो, खरिपाच्या धान्य-तेलबियांसाठी विमा रकमेच्या २ टक्के. तो भरण्यासाठी गटाने जुलैमध्ये अंतर्गत कर्ज द्यावे, कारण इतक्या कमी रकमेत इतके संरक्षण दुसरे कोणी देत नाही, जरी भरपाई वेळेवर येण्याबद्दल माझ्याही तक्रारी आहेत. दुसरा मार्ग ग्रामसंघ आणि प्रभागसंघ (ग्रामसंघांचा वरचा संघ) यांच्याकडचा जोखीम निवारणाचा निधी. तो कपाटात ठेवण्यासाठी नसतो. आणि तिसरा, दुष्काळ दिसू लागताच ऑगस्टअखेर ठराव करून मुद्दलाचा हप्ता पुढच्या हंगामावर ढकलणे. हा ठराव आधी केला तर त्याला नियोजन म्हणतात. जानेवारीत केला तर थकबाकी.

माण तालुक्यातील म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचे उदाहरण इथे लागू पडते. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तकांत अंगठा लावणाऱ्या बायका होत्या. त्या बायका लिहायला शिकल्या आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली. पण मला त्यांच्या कामातले महत्त्वाचे वाटते ते २०१२-१३ च्या दुष्काळातले पाऊल. त्या वर्षी त्यांच्या संस्थेने म्हसवडला मोठी चारा छावणी चालवली. कर्ज देणाऱ्या संस्थेने जनावरांना चारा का द्यावा? कारण दुष्काळात दोन पैशांना विकलेली गाय पुढच्या वर्षी कर्ज काढूनही त्या किमतीत परत घेता येत नाही. दुष्काळी भागात जनावर वाचवणे हेच सर्वांत स्वस्त कर्ज असते.

शेवटी खासगी फायनान्सच्या कर्जांबद्दल. सगळ्या कंपन्या लुटारू आहेत असे मी म्हणणार नाही. रात्री नऊ वाजता मूल आजारी पडले आणि गटाची बैठक पंधरा दिवसांवर असेल, तर माणूस पैसा जिथे मिळेल तिथे जाणार. पण दोन गोष्टी बायकांना वहीवर करून दाखवा. पहिली, सरसकट व्याज आणि घटत्या शिलकीवरचे, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच लागणारे, व्याज यांतला फरक. ‘फक्त १२ टक्के’ म्हणून ३०,००० रुपये दोन वर्षांसाठी दिले आणि व्याज पूर्ण रकमेवर सरसकट लावले, तर दरमहा १,५५० रुपये भरावे लागतात. घटत्या शिलकीने मोजले तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. गटाचा महिना २ टक्के दर घटत्या शिलकीवर वर्षाला २४ टक्के होतो, आणि ते व्याज निदान आपल्याच गटात राहते, तरीही शेतीच्या कर्जाला तो जास्तच आहे. त्यात एक अन्यायही दडलेला असतो : गरजू सभासद व्याज भरते आणि कर्ज न घेणारी सुस्थितीतली सभासद त्यातला वाटा नेते. म्हणून शेतीसाठी १ टक्का आणि लग्नकार्यासाठी २ टक्के, असे दोन दर ठेवावेत.

दुसरी गोष्ट नियमांची. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज ठरते. अशा घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, अशी तपासणी करणे हे कर्ज देणाऱ्याचे काम आहे. कर्जाची एकूण किंमत सांगणारे पत्रक आणि समजेल अशा भाषेतले कर्जकार्ड द्यावे लागते, मुदतीपूर्वी फेडल्यास दंड घेता येत नाही, संमतीशिवाय विमा गळ्यात मारता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दारात येता येत नाही. एका वसुली अधिकाऱ्याला एका ताईने हेच कार्ड दाखवून ‘साडेसहा वाजलेत, उद्या या’ असे सांगितलेले मी पाहिले आहे, आणि तो गेला.

ज्या सभासद एकाहून अधिक कर्जांत अडकल्या आहेत, त्यांच्यासाठी ग्रामसंघाच्या दोन-तीन समजूतदार जणींनी त्यांच्या घरी बसून सगळी कर्जकार्डे एकत्र मांडावीत. प्रत्येक कर्जाची शिल्लक, हप्ता, वार आणि खरा दर एका कागदावर लिहावा आणि त्याच्या शेजारी घरात महिन्याला येणारा पैसा लिहावा. सर्वांत जास्त दराचे आणि सर्वांत लहान शिलकीचे कर्ज गटाच्या कर्जातून एकदाच बंद करता येत असेल, तर करावे. पण त्याच बैठकीत त्या घराने ठरावीक काळ नवे कर्ज न घेण्याचे पती-पत्नी दोघांच्या सहीने लिहून द्यावे. नाहीतर मोकळ्या झालेल्या जागी महिन्याभरात दुसरे कर्ज येऊन बसते. उरलेल्या कर्जांचा हप्ता वाढीव मुदतीत बसवून द्यावा, असा लेखी अर्ज कंपनीकडे द्यावा. दमदाटी होत असेल तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. परवाना नसलेल्या खासगी सावकाराचे प्रकरण असेल, तर ते जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात नेण्याचे असते. या सगळ्या काळात त्या सभासदाला नवे कर्ज देऊ नये, पण तिची बचत बंद पडू देऊ नये, मग ती महिन्याला वीस रुपये का असेना. बचत थांबलेली बाई दोन महिन्यांत बैठकीलाही येईनाशी होते, आणि मग तिच्या घरी काय चालले आहे, हे गटाला कळते ते वसुलीवाले दारात उभे राहिल्यावरच.